प्रार्थना कुणाबरोबर करायची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२३ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून बारा दिवस झाले होते. यांकी स्टेडियम या बेसबॉलच्या मैदानावर मृतांच्या नातेवाइकांसाठी मोठी प्रार्थनासभा भरली होती. सूत्रसंचालनाला ओप्रा विन्फ्री होत्या. व्यासपीठावर कॅथलिक धर्मगुरू होते, ज्यू रब्बी होते, मुस्लिम इमाम होते, शीख आणि हिंदू प्रतिनिधी होते. त्यांच्यातच डेव्हिड बेंके नावाचे एक ल्यूथरन धर्माधिकारी होते. त्यांनी येशूच्या नावानं एक छोटीशी प्रार्थना केली आणि ते जागेवर जाऊन बसले.

पुढच्या जूनमध्ये बेंके यांना त्यांच्याच चर्चनं निलंबित केलं. आरोप असा की, इतर धर्मांच्या पुरोहितांबरोबर एका व्यासपीठावर प्रार्थना करून त्यांनी सगळे देव सारखेच असल्याचा समज पसरवला.

आपल्याकडच्या माणसाला हे ऐकून धक्काच बसतो. सेवाग्रामच्या आश्रमातली सर्वधर्म प्रार्थना आपल्या परिचयाची आहे. शाळेच्या मैदानावर हात जोडून आपण सगळ्यांनीच अशा प्रार्थना म्हटल्या आहेत. दुसऱ्याच्या प्रार्थनेत सामील होणं हा आपल्याकडे चांगुलपणा समजला जातो, फार तर शिष्टाचार. मग दुःखाच्या प्रसंगी केलेली चार वाक्यांची प्रार्थना गुन्हा कशी काय ठरते? याचं उत्तर शोधायला मी बसलो, आणि त्या निमित्तानं एका फार चमत्कारिक भांडणाच्या इतिहासात शिरलो. चमत्कारिक अशासाठी की, ते भांडण ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यातलं नाही, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातलंही नाही. ज्यांचं जवळजवळ प्रत्येक गोष्टीत एकमत आहे, अशा कर्मठ ल्यूथरन मंडळींचं ते आपसातलं भांडण आहे. तिथं प्रश्न एवढाच होता की, प्रार्थना कुणाबरोबर करायची.

महाराष्ट्रात आपल्या ओळखीचे ख्रिस्ती म्हणजे वसईचे, गोव्याचे कॅथलिक, नाहीतर नगरकडच्या अमेरिकन मिशनच्या परंपरेतले प्रॉटेस्टंट. ल्यूथरन आपल्या वाट्याला फारसे आलेले नाहीत. तेव्हा थोडं मागे जाऊन सुरुवात करू.

मार्टिन ल्यूथरनं १५१७ मध्ये रोमच्या चर्चविरुद्ध आवाज उठवला, हे शाळेच्या पुस्तकात असतं. पुढची गोष्ट सहसा नसते. १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचे सुधारक झ्विंग्ली यांची भेट घडवून आणली गेली. दोघेही पोपच्या विरोधात. दोघांनी हातमिळवणी केली तर नव्या पंथाला राजकीय बळ मिळणार होतं. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधराव्यावर अडलं. प्रभुभोजनातली भाकर म्हणजे येशूचं शरीर खरोखर ‘आहे’, की ती त्या शरीराची केवळ ‘खूण’ आहे? ल्यूथरनं खडूनं मेजावर लॅटिन शब्द लिहून ठेवले होते आणि त्यातल्या ‘आहे’ या क्रियापदावरून तो तसूभर हलायला तयार नव्हता. युती फिसकटली.

हा स्वभाव लक्षात ठेवायला हवा. पंधरापैकी चौदा गोष्टी जुळल्या म्हणजे पुष्कळ झालं, असं आपण म्हणू. कर्मठ ल्यूथरन माणूस म्हणतो, सत्याचा हिशोब टक्केवारीत करायचा नसतो. त्यांच्या श्रद्धेची कागदपत्रं १५८० मध्ये एका ग्रंथात बांधली गेली. तो ग्रंथ, त्यांच्या भाषेत ‘एकवाक्यतेचा ग्रंथ’, आजही त्यांच्या पाळकाला दीक्षा घेताना शपथपूर्वक मान्य करावा लागतो.

आता तीनशे वर्षं पुढं या. प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म हा स्वतः कॅल्व्हिनच्या पंथातला, म्हणजे झ्विंग्लीच्या बाजूचा म्हणा ना. त्याची राणी लुइझ ल्यूथरन. दोघांना एका वेदीपाशी प्रभुभोजन घेता येत नसे. राणी १८१० मध्ये वारली. पुढं १८१७ मध्ये, ल्यूथरच्या बंडाला तीनशे वर्षं झाल्याच्या मुहूर्तावर, राजानं दोन्ही पंथांचं एकत्रीकरण जाहीर केलं आणि नंतर दोघांसाठी एकच उपासनाविधी लागू केला. हेतू वाईट होता असं म्हणवत नाही. पण हुकमानं झालेल्या एकीला जे व्हायचं तेच झालं. सायलेशिया प्रांतातल्या ल्यूथरन खेडुतांनी नवा विधी नाकारला. पाळक तुरुंगात गेले. १८३४ च्या डिसेंबरात होनिगर्न नावाच्या गावात चर्चचं दार उघडण्यासाठी लष्कर पाठवावं लागलं. एकी आणण्यासाठी संगिनी! यानंतर हजारो माणसं देश सोडून गेली. काही ऑस्ट्रेलियाला, काही अमेरिकेला. ‘धार्मिक ऐक्य’ हा शब्द या लोकांच्या घरात पुढं कित्येक पिढ्या शिवीसारखा का वापरला गेला, हे इथं समजतं. आपल्याला तो शब्द ऐकून सेवाग्राम आठवतं, त्यांना होनिगर्न आठवतं.

यांच्याच सुमाराला शेजारच्या सॅक्सनी राज्यातून आणखी एक जथा निघाला. तिथल्या राज्यकर्त्यांनी पंथांचं कडबोळं केलं नव्हतं. पण चर्चमध्ये बुद्धिवादाचं वारं शिरलं होतं. चमत्कार, पाप, तारण हे विषय मागे पडून नीतिपाठ पुढं आले होते. ड्रेस्डेनचे मार्टिन स्टेफन नावाचे प्रभावी उपदेशक जुन्या श्रद्धेला धरून होते. त्यांच्यामागे साडेसहाशेच्या वर माणसं निघाली. १८३८ च्या नोव्हेंबरात ब्रेमेन बंदरातून पाच जहाजं सुटली. त्यातलं ‘अमालिया’ नावाचं जहाज परत कुणाला दिसलं नाही. उरलेले लोक न्यू ऑर्लिन्समार्गे मिसिसिपी नदीनं वर सेंट लुईसकडे गेले. वाटेत जहाजावरच त्यांनी स्टेफन यांना बिशप केलं आणि त्यांच्या आज्ञेत राहण्याचं वचन लिहून दिलं.

मिसूरी राज्यातल्या पेरी परगण्यात जंगल तोडून वसाहत उभी राहत होती. तोवर १८३९ च्या मे महिन्यात एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. बिशपसाहेबांचे काही स्त्रियांशी असलेले संबंध उघड झाले, सामाईक पैशाची उधळपट्टी उघड झाली. लोकांनी त्यांना पदावरून काढलं आणि नावेत बसवून नदीपलीकडे इलिनॉयच्या काठावर सोडून दिलं.

आता त्या लोकांची मनःस्थिती डोळ्यांपुढं आणा. घरदार विकून आलो, एका माणसावर विश्वास ठेवून आलो, आपल्या मंडळ्या आणि काही जण तर बायकामुलं मागे सोडून आलो. तो माणूस खोटा निघाला. मग आपण कोण? आपण चर्च तरी आहोत का? आपल्या पाळकांनी दिलेला बाप्तिस्मा खरा का? दोन वर्षं हा प्रश्न त्यांना पोखरत होता. त्यातून काही जण आजारी पडले, काही परत गेले. शेवटी १८४१ च्या एप्रिलमध्ये अल्टेनबर्ग गावातल्या त्यांच्या शाळेत जाहीर वाद झाला. एका बाजूला आडॉल्फ मारबाख हे वकील. त्यांचं म्हणणं, हे सगळं स्थलांतरच पाप होतं, आपण चर्च नाही, परत फिरावं. दुसऱ्या बाजूला कार्ल फर्डिनांड विल्हेल्म वाल्थर नावाचा तिशीही न गाठलेला पाळक. त्यानं मांडलं की, चर्च बिशपमुळं होत नाही. जिथं देवाचं वचन शुद्ध रूपात सांगितलं जातं आणि संस्कार नीट दिले जातात, तिथं जमलेली मंडळी हेच चर्च. आणि पाळक नेमण्याचा अधिकारही त्या मंडळीचाच. बिशप खोटा निघाला म्हणून मंडळी खोटी ठरत नाही.

लोकांच्या जिवात जीव आला. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा क्षण वाटतो. एखादं धर्मतत्त्व केवळ ग्रंथातून येत नाही, ते माणसांच्या अडचणीतून कसं घडतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. बुवा पळाल्यावर मठाचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडेही नवा नाही. पण त्यावर भर सभेत वाद करून उत्तर काढणारे भक्त मात्र विरळा.

या वाल्थरच्या नेतृत्वाखाली १८४७ मध्ये शिकागोला या मंडळ्यांचा संघ झाला. अशा संघाला सिनॉड म्हणतात. तोच पुढं मिसूरी सिनॉड म्हणून ओळखला गेला. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये १८५० मध्ये दुसरा जर्मन सिनॉड निघाला. त्याचे पहिले अध्यक्ष म्युलहॉइझर मवाळ गृहस्थ होते, कॅल्व्हिनपंथीयांशी त्यांचं जमत असे. मिसूरीवाले त्यामुळं नाक मुरडत. नंतरचे अध्यक्ष बाडिंग यांनी विस्कॉन्सिनला पक्क्या ल्यूथरन वाटेवर आणलं. नॉर्वेहून आलेल्यांचा एक सिनॉड होताच. १८७२ मध्ये मिलवॉकी शहरात या सगळ्यांनी मिळून ‘सिनॉडिकल कॉन्फरन्स’ स्थापन केली. याच काळात इकडे मुंबईत प्रार्थना समाज आपले पाय रोवत होता. तिथं निरनिराळ्या जातींची माणसं एका प्रार्थनेला बसत होती, हेच त्यांचं बंड होतं. मिलवॉकीचं सूत्र अगदी उलटं. आधी पूर्ण एकमत, मग प्रार्थना.

कॉन्फरन्समधल्या चर्चचा आपसातला व्यवहार समजायला आपल्याकडचा रोटीव्यवहार हा शब्द उपयोगी पडतो. एका सिनॉडचा माणूस दुसऱ्याच्या वेदीपाशी प्रभुभोजन घेऊ शके, एकाचा पाळक दुसऱ्याच्या व्यासपीठावरून उपदेश करू शके. बाहेरच्यांना हे दोन्ही बंद. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की हा रोटीव्यवहार जन्मावर ठरत नव्हता, मतावर ठरत होता. मत बदललं की माणूस पंक्तीत येई, आणि मत बदललं की पंक्तीतून उठेही.

उठण्याची वेळ लवकरच आली. वाल्थरनं १८७७ पासून शिकवायला सुरुवात केली की, देव माणसाची तारणासाठी निवड करतो ती निव्वळ कृपेनं. माणसात काही पाहून नव्हे. नॉर्वेजियनांचे प्राध्यापक श्मिट म्हणाले, नाही, हा माणूस श्रद्धा ठेवील हे आधीच ओळखून देव त्याला निवडतो. दक्षिणेतल्या वैष्णवांत असाच एक वाद आहे. मांजर पिल्लाला तोंडात धरून नेतं, पिल्लाला काही करावं लागत नाही. माकडाचं पिल्लू मात्र आईला स्वतः घट्ट धरून असतं. भक्त यातला कोणता? तुलना काटेकोर नाही, श्मिटसुद्धा श्रद्धा ही देवाचीच देणगी मानत. पण वादाची नाडी तीच. या वादात ओहायो सिनॉड १८८१ मध्ये बाहेर पडला. पाठोपाठ नॉर्वेजियन १८८३ मध्ये गेले आणि नंतर त्यांच्याही घरात फूट पडली. नॉर्वेजियनांनी पुढं तडजोडीचा मसुदा करून १९१७ मध्ये आपसात एकी केली, तेव्हा मूठभरांनी तिला नकार दिला. १९१८ च्या जूनमध्ये आयोवातल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये जमून त्यांनी आपला वेगळा छोटा सिनॉड काढला. लोक त्याला ‘लहान सिनॉड’च म्हणत. तो आजही आहे.

या वादांची एक काळी बाजूही सांगायला हवी. अक्षराला चिकटून राहण्याचा हाच आग्रह वाल्थरला आणि नॉर्वेजियन पाळकांना अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वेळी भलतीकडे घेऊन गेला. बायबल गुलामगिरीला थेट पाप म्हणत नाही, म्हणून आपणही म्हणू नये, असं त्यांनी ठरवलं. नॉर्वेजियन शेतकऱ्यांना हे पटलं नाही. पाळक आणि लोक यांच्यात वर्षानुवर्षं धुसफूस चालली. इथं शेतकरी बरोबर होते, असं मला निःशंकपणे वाटतं.

पण इतिहास एका रंगाचा नसतो. याच कॉन्फरन्सनं १८७७ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये काम सुरू केलं. अलाबामातल्या रोझबड गावी रोझा यंग नावाची तरुण कृष्णवर्णीय शिक्षिका स्वतःच्या हिमतीवर शाळा चालवत होती. कापसावर कीड पडली, पालकांकडे फी द्यायला पैसे उरले नाहीत. तिनं बुकर टी. वॉशिंग्टन यांना मदतीसाठी लिहिलं. त्यांनी उत्तरात ल्यूथरनांच्या या कॉन्फरन्सचं नाव सुचवलं. १९१६ मध्ये तिकडून माणूस आला, शाळा वाचली, आणि त्या भागात शाळांची, चर्चची रांगच उभी राहिली. हे काम सगळ्या सिनॉडांचं सामाईक होतं. पुढं फूट पडली तेव्हा काय तुटलं, याचा अंदाज त्यावरून यावा.

आपल्या देशाशी मिसूरीचा संबंध आला तोही एका मतभेदातूनच. तमिळ प्रदेशात जर्मनीच्या लाइपझिग मिशनचं काम होतं. १७०६ मध्ये ट्रांकेबारला उतरलेल्या त्सिगेनबाल्गच्या परंपरेतलं हे मिशन. त्यातल्या नेथर आणि मोन या दोघांना वाटू लागलं की, आपले वरिष्ठ बायबलचा शब्द न् शब्द ईश्वरप्रेरित मानत नाहीत. वाद झाला, दोघं बाहेर पडले. मिसूरी सिनॉडनं त्यांना जवळ केलं. १८९५ मध्ये त्यांनी कृष्णगिरीला काम सुरू केलं. आज तामिळनाडू आणि केरळात असलेलं इंडिया इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च त्यातूनच वाढलं. सेंट लुईसमधल्या शिस्तीची सावली इतक्या लांब पडली होती.

आता मुख्य भांडणाकडे येऊ. पहिल्या महायुद्धापर्यंत या लोकांचा जगाशी व्यवहार थोडाच होता, कारण भाषा. घरात जर्मन, शाळेत जर्मन, चर्चमध्ये जर्मन. युद्धात जर्मन बोलणंच संशयाचं ठरलं. नेब्रास्का राज्यानं लहान मुलांना परकी भाषा शिकवण्यावर बंदी घातली. मिसूरी सिनॉडच्या एका शाळेतले शिक्षक रॉबर्ट मायर यांनी मुलाला जर्मनमधून वाचायला शिकवलं म्हणून त्यांना दंड झाला. त्यांनी तो भरला नाही, खटला वर नेला, आणि १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द ठरवला. मातृभाषेच्या शाळांविषयी कळकळ असणाऱ्या कुणीही हा निकाल वाचावा. खटला जिंकला, तरी जर्मन मात्र टिकली नाही. एका पिढीत मिसूरी इंग्रजी झाला. इंग्रजी झाल्यावर शेजारी दिसू लागले. आपल्यासारखेच, पण थोडे सैल असे इतर ल्यूथरन दिसू लागले. त्यांच्याशी बोलणी सुरू झाली.

याच सुमाराला, १९३० मध्ये, मिसूरीनं ‘ल्यूथरन अवर’ हा नभोवाणी कार्यक्रम सुरू केला. त्याचे वक्ते वॉल्टर मायर देशभर गाजले. मला यात गंमत वाटते. शेजारच्या चर्चमध्ये एकत्र प्रार्थना करायला कचरणारी ही मंडळी ध्वनिलहरींवरून मात्र कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरत होती. रेडिओला वेदी नसते, हे सोयीचंच म्हणायचं.

विस्कॉन्सिन मात्र जागच्या जागी होता, आणि मिसूरी आपल्यापासून सरकतो आहे, असं त्याला दिसू लागलं. तीन-चार गोष्टींवरून ठिणग्या उडाल्या. त्यातल्या दोन वरवर पाहता किरकोळ. बालवीर चळवळीत प्रत्येक मुलगा देवाप्रति कर्तव्य करण्याची शपथ घेतो; पण देव कोणता ते सांगत नाही. विस्कॉन्सिन म्हणालं, हे आमच्या मुलांना चालणार नाही. निनावी देवाची शपथ म्हणजे शपथच नव्हे, आणि माणूस स्वतःच्या बळावर देवाला संतुष्ट करतो ही शिकवण तर सरळ ल्यूथरविरोधी. मिसूरीनं १९४४ मध्ये हा प्रश्न ज्या त्या मंडळीवर सोडला. दुसरी गोष्ट लष्करातल्या धर्मगुरूंची. मिसूरीनं आपले पाळक सैन्यात धाडले. विस्कॉन्सिननं नकार दिला. सरकारचा पगार घेऊन, सरकारच्या हुकमात राहून, सगळ्या पंथांच्या शिपायांची सोय पाहणं हे पाळकाचं काम नव्हे. त्यांनी आपल्या शिपायांना टपालानं उपदेश पाठवले.

खरी दुखरी जागा तिसरी होती. त्याच १९४४ मध्ये मिसूरीच्या अधिवेशनानं एक बारीक भेद केला. दुसऱ्या ल्यूथरनांशी चर्चेला बसलं असता, देवानं वाट दाखवावी म्हणून सुरुवातीला मिळून केलेली प्रार्थना वेगळी, आणि उपासनेतली प्रार्थनेची भागीदारी वेगळी. पहिली चालेल, दुसरी नाही. विस्कॉन्सिनचे धर्मपंडित म्हणाले, प्रार्थनेत असे दोन प्रकार नसतात. श्रद्धेची कोणतीही सामाईक कृती, मग ते प्रभुभोजन असो, व्यासपीठ असो की हात जोडून म्हटलेले दोन शब्द, सगळं एकच आहे. एक धागा ओढला की सगळं विणकाम उसवतं. बायबलमध्ये रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात, शिकवणीविरुद्ध फूट पाडणाऱ्यांपासून दूर राहा अशा अर्थाची सूचना आहे. ती कुणाला लागू, हा वादाचा गाभा होता. मिसूरीतला एक गट म्हणे, ती पाखंड्यांसाठी आहे, चुकणाऱ्या भावासाठी नाही. विस्कॉन्सिन म्हणे, भाऊ असला तरी हट्टानं चुकत राहिला, तर त्यालाही.

याच्या मुळाशी आणखी एक जुना फरक होता, आणि इथं अल्टेनबर्गचा तो वाद पुन्हा भेटतो. मिसूरीच्या दृष्टीनं देवानं नेमलेली जागा म्हणजे गावातली मंडळी आणि तिचा पाळक. सिनॉड ही माणसांनी केलेली सोय. त्यांचा सगळा पुनर्जन्मच त्या विचारावर झाला होता. विस्कॉन्सिनच्या वॉवाटोसा इथल्या प्राध्यापकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळं मांडलं. वचनाभोवती जमलेला कोणताही गट चर्च असतो, सिनॉडसुद्धा. आणि पाळक हे सेवेचं एक रूप, शाळेतला शिक्षक हे दुसरं. वॉवाटोसाच्या या मंडळींत आउगुस्ट पीपर होते. मिसूरीचे सर्वांत मोठे धर्मपंडित आणि एकेकाळचे अध्यक्ष फ्रान्झ पीपर हे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. भावाभावांत मतभेद होता, पण तोवर वेदी एक होती. ती मोडायला अजून अवकाश होता.

१९५५ मध्ये नॉर्वेजियनांच्या लहान सिनॉडनं मिसूरीशी संबंध तोडले. विस्कॉन्सिननं तोडायचं मनावर घेतलं, पण दर अधिवेशनात निर्णय पुढं ढकलला. घराघरांत नाती होती, सामाईक कामं होती, शाळा शेजारी शेजारी होत्या. ही चालढकल पाहून विस्कॉन्सिनमधलेच काही जण संतापून बाहेर पडले. चूक कळल्यावर एक दिवसही थांबणं पाप, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी १९६० मध्ये चर्च ऑफ द ल्यूथरन कन्फेशन नावाचा आणखी छोटा संघ काढला. म्हणजे फूट कधी पाडायची यावरूनही फूट! हसू येतं खरं, पण त्या काळातले लेखी युक्तिवाद वाचले की हसू ओसरतं. त्यात तिरस्कार फार थोडा आहे. बरीचशी तळमळ आहे.

अखेर १९६१ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिननं मिसूरीशी रोटीव्यवहार थांबवला. दोन वर्षांनी विस्कॉन्सिन आणि लहान सिनॉड कॉन्फरन्समधून बाहेर पडले. १९६७ मध्ये कॉन्फरन्स विसर्जित झाली. पंचाण्णव वर्षांचा संसार. शेजारच्या गल्लीतल्या चर्चमध्ये बहिणीच्या घरच्यांबरोबर वेदीपाशी गुडघे टेकायचे नाहीत, असा याचा साधा घरगुती अर्थ होता.

पुढची हकीगत थोडक्यात. मिसूरीनं १९६९ मध्ये मंडळीच्या कारभारात स्त्रियांच्या मताधिकाराला वाट करून दिली आणि मवाळ अमेरिकन ल्यूथरन चर्चशी व्यवहार जाहीर केला. विस्कॉन्सिनमध्ये स्त्रियांना तो मताधिकार आजही नाही. स्त्री-पाळक तर दोन्हीकडे नाहीत. पण त्याच अधिवेशनात मिसूरीनं कर्मठ बाण्याचे जेकब प्रॉइस अध्यक्ष निवडले आणि वारं फिरलं. बायबलकडे ऐतिहासिक चिकित्सेनं पाहणाऱ्या प्राध्यापकांची चौकशी झाली. १९७४ च्या फेब्रुवारीत सेंट लुईसच्या धर्मविद्यालयातून बहुसंख्य प्राध्यापक आणि विद्यार्थी चालत बाहेर पडले. १९८१ मध्ये अमेरिकन ल्यूथरनांशी केलेला व्यवहारही मिसूरीनं मोडला. बाहेर पडलेल्यांची परंपरा पुढं १९८८ च्या मोठ्या, उदार ल्यूथरन चर्चमध्ये मिसळली.

मग मिसूरी पुन्हा कर्मठ झाला, तर विस्कॉन्सिनशी जमलं का? नाही. विस्कॉन्सिनला त्याचं उदार होणं जेवढं खुपत होतं, तेवढाच प्रार्थनेतला तो बारीक भेद खुपत होता, आणि मिसूरीनं तो सोडला नाही.

आता यांकी स्टेडियमची ती सभा पुन्हा पाहा. बेंके मिसूरीचे. त्यांचे अध्यक्ष कीशनिक यांनी त्यांना तिथं जायची मुभा दिली होती, त्यामुळं तक्रार अध्यक्षांपर्यंतही पोचली. निर्णय उपाध्यक्ष वॉलेस शुल्झ यांच्याकडे गेला. ते त्याच ‘ल्यूथरन अवर’चे वक्ते होते. त्यांनी बेंकेंना निलंबित केलं. २००३ मध्ये अपिलात ते पुन्हा पदावर आले. शुल्झना कोणी धर्मांध म्हटलं, तर मी एकदम मान डोलावणार नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे लोकांच्या दुःखाच्या वेळी खोटा दिलासा देणं हीच निर्दयता होती. पण मैदानात बसलेल्या त्या विधवांना, आईबापांना सिनॉडचा बारीक भेद कोण समजावणार होतं? बेंकेंनी येशूचं नाव गाळलं नव्हतं. माझा कल त्यांच्याकडे आहे.

२०१२ च्या डिसेंबरात कनेक्टिकटमधल्या न्यूटाउनला शाळेत गोळीबार होऊन वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. तिथल्या मिसूरीच्या तरुण पाळकानं सर्वधर्मीय शोकसभेत शेवटची प्रार्थना केली. मृत मुलांपैकी एक त्याच्याच मंडळीतलं होतं. अध्यक्ष मॅथ्यू हॅरिसन यांनी त्याला माफी मागायला सांगितलं. त्यानं मागितली. देशभर गदारोळ झाला, तेव्हा हॅरिसन यांनीही, हे प्रकरण आपण नीट हाताळलं नाही, म्हणून माफी मागितली. अकरा वर्षांत एवढा फरक पडला होता.

त्याच २०१२ पासून मिसूरी, विस्कॉन्सिन आणि लहान सिनॉड यांचे प्रतिनिधी अधूनमधून अनौपचारिकपणे भेटू लागले. मिसूरीची सदस्यसंख्या १९७० च्या सुमाराला २८ लाखांच्या घरात होती, ती आता २० लाखांच्या खाली आली आहे. विस्कॉन्सिनचे तीन-साडेतीन लाख आहेत. निवड, कृपा, बायबलचा अधिकार, अशा बहुतेक विषयांवर आपण अजून एकाच बाजूला आहोत, असं त्यांना या भेटींतून दिसून आलं. प्रार्थनेचा आणि पाळकपणाचा प्रश्न मेजावर आहे. वेदी अजून वेगळ्याच आहेत.